सोनेरी मोरपंखी: पानं नंतर बघा, आधी मुळं

गेटाच्या दोन्ही बाजूंना बारमाही हिरवं दिसेल, वाट अडवणार नाही, रोज झाडू मारायला लावणार नाही आणि नाशिकचा एप्रिल-मे अंगावर घेईल असं झाड शोधत असाल, तर सोनेरी मोरपंखी घ्या. आमच्या रो-हाऊसच्या गेटाशी दोन आहेत. आणली तेव्हा गुडघ्याच्या खाली होती, आता कमरेला लागतात. गेट पश्चिमेला तोंड करून आहे, दुपारी दोननंतर तिथे ऊन नुसतं कोसळतं, आणि तरीही या दोघींचा रंग उतरलेला नाही. झाड म्हणून माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती विकणाऱ्यांबद्दल. मोरपंखी जगणार की जाणार हे बहुतेक वेळा ती तुमच्या घरी यायच्या आधीच ठरलेलं असतं. म्हणून झाडाबद्दल लिहिते आहे तेवढंच दुकानांबद्दलही लिहिते आहे.

आधी झाड. ही बुटकी, सोनेरी जात आहे, अंड्याच्या आकाराची. खाली रुंद, वर निमुळती. कात्री लावून हा आकार आणावा लागत नाही, तो तिचा स्वतःचा आहे. जमिनीपासूनच फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्यावरची पाती चपटी, उभी असते. कपाटात वह्या उभ्या लावाव्यात तशी ही पाती एकमेकींना खेटून असतात. पान म्हणून आपण जे बघतो ते जवळून बघितलं तर बारीक खवल्यांचं असतं, एकावर एक चढलेले, काडीला घट्ट चिकटलेले. शेंड्याचे खवले पिवळे, त्याखालचे पोपटी, आतले गर्द हिरवे. सोनेरी रंग फक्त उन्हात राहतो. सावलीत ठेवली की तीच मोरपंखी साधी हिरवी दिसायला लागते, म्हणजे ज्यासाठी जास्त पैसे मोजले तेच जातं. बोटांनी चुरडली की राळेचा वास येतो. आमच्या एका झाडावर शिंगं फुटलेली निळसर राखाडी बोंडं धरतात. सुरुवातीला ती मांसल असतात, पिकली की तपकिरी, कडक होऊन तडकतात आणि आतून जाडसर बिया निघतात. या बियांना पंख नसतात. खऱ्या थुजाच्या, म्हणजे हिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या झाडाच्या, बियांना असतात.

रोपवाटिकांमध्ये हिला अजूनही थुजाच म्हणतात. त्याचं कारण जुनं आहे. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये तिला थुजा ओरिएंटॅलिस म्हणून नोंदवलं. पुढे ती वेगळी आहे हे ध्यानात आलं आणि १९४९ मध्ये फ्रँको या पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञानं तिला प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस केलं. त्या कुळशाखेत ती एकटीच आहे. तिचं माहेर चीन, कोरिया आणि रशियाचा पूर्वेकडचा भाग. बीजिंगनं १९८७ मध्ये शहराची म्हणून जी दोन झाडं निवडली त्यातलं एक हेच. तिथले उन्हाळे कडक, हिवाळे कोरडे आणि गोठवणारे. डोंगरातल्या खडकाळ, चुनखडीच्या जमिनीतही ती वाढते. आमच्या बोअरवेलच्या पाण्यात एवढा क्षार आहे की नळाच्या तोटीला पांढरा थर धरतो, आणि तरी मोरपंखीचं काही बिघडलं नाही याचं मला आधी नवल वाटायचं. तिचं मूळ गाव वाचल्यावर वाटेनासं झालं.

मराठी घरांत ही विद्या म्हणून माहीत असते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या शाळेच्या आवारात साध्या, हिरव्या जातीची एक जुनी मोरपंखी आहे, कौलांच्या वर गेलेली. अजूनही पोरं तिची पाती तोडून पुस्तकात ठेवतात. परीक्षा जवळ आली की जरा जास्तच. मी कधी रागावत नाही, पण त्या झाडाकडे बघून एक गोष्ट मात्र पक्की कळते. मुलांचा हात जिथवर पोचतो तिथवर झाड उघडं आहे, नुसत्या करड्या काड्या, आणि त्याच्या वर एकदम दाट हिरवं. किती पिढ्या शिकून गेल्या, पण तो खालचा भाग परत भरला नाही. जास्वंद छाटली की जुन्या खोडातूनही धुमारे फुटतात. मोरपंखीचं तसं नाही. हिरवा भाग गेलेल्या जून काडीवर नवीन पान येत नाही. घरी लावलेल्या मोरपंखीला कात्री लावणाऱ्या प्रत्येकानं एकदा अशा शाळेत जाऊन बघून यावं.

घेण्याआधी आमच्या घरात बरीच चर्चा झाली होती. यांना ख्रिसमस ट्री हवं होतं, म्हणजे आरोकेरिया. दिसायला देखणंच आहे, मजल्यावर मजला चढवल्यासारख्या फांद्या. पण आरोकेरियातलं एक, पॅसिफिक महासागरातल्या नॉरफोक बेटावरचं झाड, त्याच्या गावी ५० मीटरच्या वर जातं. १७७४ मध्ये कॅप्टन कुक तिथे उतरला तेव्हा जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी ही सरळसोट खोडं त्याच्या डोळ्यांत भरली होती. दुसरं, न्यू कॅलेडोनियातलं, तेही असंच उंच, आणि ते जगभर विषुववृत्ताच्या दिशेला कललेलं वाढतं. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या देशांतली झाडं मोजली तेव्हा सरासरी साडेआठ अंशांचा कल निघाला. आपल्याकडे म्हणजे दक्षिणेला. आमच्या दक्षिणेला विजेच्या तारा आहेत. कुंडीत ठेवून वाढ रोखता येते, पण शेंडा एकदा मोडला की आरोकेरियाचा तो डौल परत येत नाही, आणि खालची फांदी गेली की त्या जागी दुसरी फुटत नाही. मोठं आवार असेल त्यांनी खुशाल लावावं. रो-हाऊसचं अंगण म्हणजे गाडी उभी करून उरलेली जागा.

डिसेंबरात मॉलबाहेर आणि फुलांच्या दुकानात एक फिकट पिवळं, टोकदार, लिंबासारख्या वासाचं झाड लाल कागदात गुंडाळून विकतात. ते गोल्डक्रेस्ट, काही जण लेमन सायप्रस म्हणतात. हात फिरवला की जीव खूश होतो. पण ते मूळचं कॅलिफोर्नियात माँटेरेच्या समुद्रकाठचं, थंड धुक्यातलं. ओळखीच्यांपैकी ज्यांनी ज्यांनी आणलं त्यांच्याकडे ते होळीपर्यंत टिकलं, पुढे नाही. महाबळेश्वर-पाचगणीला कुणाचं घर असेल तर वेगळी गोष्ट. वसईकडे आणि गोव्यात नाताळला सुरूची फांदी आणून सजवतात, ते मला या गोल्डक्रेस्टपेक्षा कितीतरी शहाणपणाचं वाटतं. सुरू दिसतो तसा, पण तो मोरपंखी-आरोकेरियासारखा सूचिपर्णी नव्हेच, फुलं येणारं झाड आहे. खरं तर सूचिपर्णी झाडं आपल्या मातीतली नाहीतच. सगळ्या पश्चिम घाटात मूळचं असं एकच आहे, नागेया, आणि तेही पार दक्षिणेकडच्या ओल्या जंगलांत. म्हणजे बाहेरचंच आणायचं आहे, तर आपली हवा सोसणारं आणावं.

आता दुकानं.

पहिली जोडी घेतली ती शहरातल्या, रस्त्यालगतच्या एका मोठ्या रोपवाटिकेतून. नाव लिहीत नाही, कारण हा प्रकार त्या एकाच ठिकाणी होतो असं नाही. हिरव्या जाळीखाली रांगेनं लावलेली, पाणी मारून चमकवलेली, आकारात एकसारखी. पानावर एक डाग नाही. किंमत ३५० रुपये नग. "एक दिवसाआड मग्गाभर पाणी, बाकी काही नाही ताई," असं सांगितलं. तसंच केलं. थोड्या आठवड्यांनी एका झाडाचा पोपटी रंग जरा मळकट वाटायला लागला, मग दुसऱ्याचा. पान गळत नव्हतं, मान टाकत नव्हतं, नुसता रंग मरत होता. हातात घेतल्यावर पाती कुरकुरीत लागली. उपटून बघितलं तर बाहेरची माती ओली आणि मधला लाल मातीचा गोळा कोरडा ठणठणीत. तो फोडायला कुदळ घ्यावी लागली. आत मुळं किती? बोटभर लांबीच्या चार काड्या, कापलेल्या.

हे असं का होतं ते पुढे नीट समजलं. आपल्याकडची शोभेची बरीच झाडं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकनं येतात. तो सगळा पट्टाच रोपवाटिकांचा आहे, देशभर माल जातो. जमिनीत वाढवलेलं झाड मुळांसकट काढायचं, भोवती चिकट मातीचा गोळा थापायचा, तो पिशवीत बसवायचा. लांबच्या प्रवासात मुळं उघडी पडू नयेत म्हणून ही सोय आहे, त्यात लबाडी नाही. पण तो गोळा एकदा सुकला की पाणी आत शिरत नाही, कडेनं वाहून जातं. वरून पाणी घालणाऱ्याला वाटतं झाड प्यालं. जास्वंद, तगर, मोगरा यांना पाणी कमी पडलं तर ती लगेच मान टाकतात, आपण धावतो. मोरपंखीचं मूळ मेलं तरी वरचा हिरवा रंग कितीतरी आठवडे तसाच राहतो. सूचिपर्णी झाडांचा हा स्वभावच आहे, खवल्यांवर मेणाचा थर, पाणी उडून जायला वाव कमी. म्हणजे रांगेत चमकणारी ती झाडं विकायला ठेवली तेव्हाच त्यातली काही संपलेली असणार.

विचारायला गेले तर मालक म्हणाले, "ताई, तुम्ही पाणी जास्त घातलं असणार." मी कोरडा गोळा पिशवीतून नेला होता, तो टेबलावर ठेवला. तरी उत्तर तेच. झाड बदलून द्यावं अशी माझी अपेक्षा नव्हती, जिवंत वस्तूची हमी कोण देणार. पण ज्या माणसाला हे रोज दिसतं त्यानं गिऱ्हाइकाला एवढं सांगायला हवं की गोळा आधी बादलीत बुडवून मऊ करा. हे एक वाक्य त्याला महाग नव्हतं.

मग ऑनलाइन मागवून बघितली. एका झाडाचे ४२० रुपये, वर पोचवण्याचे वेगळे. पुठ्ठ्याचा खोका उत्तम होता, कुंडी आतून बांधलेली, मातीऐवजी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि मुळं खरोखर पांढरी, ताजी. त्याबद्दल पूर्ण गुण. पण फोटोत दीड फूट दिसणारं झाड हातात आलं ते वीतभर. उंची लिहिलेली होती ती कुंडी धरून. वरचा शेंडा प्रवासात मोडला होता. तक्रार केल्यावर पुढच्या खरेदीवर सवलत मिळाली, पैसे नाही. ते रोप मी बहिणीला दिलं, तिच्याकडे गच्चीवर ते चांगलं चाललं आहे. बुंध्यातून तीन शेंडे वर आले. मोडलेल्या शेंड्याचं मोरपंखीला आरोकेरियासारखं दुःख नसतं, कारण ती मुळातच अनेक फाट्यांची.

सध्याची जोडी आली ती दिंडोरी रस्त्याला, गावाबाहेरच्या एका छोट्या रोपवाटिकेतून. पाटी नाही, द्राक्षबागेच्या कडेला पत्र्याची शेड आणि मागे जाळी. एक वयस्कर काका आणि त्यांची सून मिळून सांभाळतात. मी एक भरगच्च झाड निवडून बाजूला ठेवलं तर काकांनी ते उचलून परत रांगेत ठेवलं. म्हणाले, "ही नका नेऊ ताई. गाडी परवाच उतरलीय, हिला अजून आपली हवा लागली नाही. महिन्याभरानं या, जी उभी राहील ती देतो." विकायला बसलेल्या माणसानं गिऱ्हाईक असं परत पाठवलं, तेव्हाच मी ठरवलं की घ्यायची तर इथूनच.

परत गेले तेव्हा त्यांनी जे दाखवलं ते प्रत्येकानं दुकानात स्वतः करून बघावं. आधी झाडाच्या मध्ये हात घालून पाती दोन्हीकडे बाजूला केली. आत थोडी तपकिरी पानं असतातच, जुनी झालेली, ती गळणारच. पण आतल्या काड्या वाकल्या पाहिजेत, कट्कन मोडता कामा नयेत. मग बुंध्याच्या खालच्या बाजूला नखानं साल किंचित खरवडली. खाली ओलसर हिरवं दिसलं. "हे बघा, हिचा जीव इथे," म्हणाले. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं, ब्लेडनं काळी पिशवी उभी चिरून मातीचा गड्डा माझ्या हातात दिला. कडेकडेनं पांढरट, बारीक, नवीन मुळ्या बाहेर आल्या होत्या. याचा अर्थ झाडानं त्या लाल गोळ्यातून बाहेर पडून इथल्या मातीत पाय रोवले. ज्यांच्या मुळ्या तळाशी गोल गोल गुंडाळल्या होत्या ती दोन झाडं त्यांनी स्वतःच बाजूला केली. ही पिशवीत जास्त दिवस राहिली, आता जमिनीत गेली तरी गोलच फिरत राहणार, असं कारण सांगितलं.

२२० रुपये नग. तिथेच मातीचं मिश्रण बदलून हवं असेल तर ३० रुपये वर. काय मिसळलं ते विचारलं तर लपवालपवी नाही: एक पाटी मुरूम, एक पाटी पोयटा, अर्धी पाटी कुजलेलं शेणखत. उणिवाही लिहायला हव्यात. झाडांवर ना नाव ना किंमत, प्रत्येक गोष्ट विचारावी लागते. पावसात तिथला कच्चा रस्ता इतका खराब होतो की दुचाकी नेऊ नये. घरपोच देत नाहीत. फोनवर नीट उत्तर मिळत नाही, समोर गेल्यावरच बोलतात. आणि सोनेरी जातीचं अमुक एक वाण पाहिजे असा आग्रह असेल तर तिथे जमणार नाही, ते सगळ्यांना गोल्डन मोरपंखीच म्हणतात.

लावताना एकच गोष्ट जिवावरची आहे, ती म्हणजे पाण्याचा निचरा. नाशिकची काळी माती जुलैत चिखल होते आणि मोरपंखीचं मूळ उभ्या पाण्यात कुजतं. काकांनी खड्डा खोल करू नका, उलट जागा उंच करा असं सांगितलं होतं. आम्ही गेटाजवळ विटांची एक ओळ लावून वीतभर उंचवटा केला, त्यात मुरमाचं मिश्रण भरलं आणि झाड पिशवीत होतं त्याच पातळीला बसवलं, बुंधा मातीत गाडला नाही. लावण्याआधी गड्डा बादलीभर पाण्यात बुडवून ठेवला, बुडबुडे थांबेपर्यंत. नवरात्राच्या सुमाराला लावली, म्हणजे पावसाचा जोर ओसरलेला आणि पुढे थंडीचे महिने मुळं धरायला मिळाले. मार्चनंतर लावणं टाळावं. पहिलं वर्ष पाणी बोटानं माती बघून द्यावं, वरची दोन पेरं कोरडी लागली तर द्यावं, आणि दिलं तर पोटभर. रोज थोडं शिंपडण्याचा काही उपयोग नाही. आता आमची झाडं उन्हाळ्यात आठवड्याला एकदा-दोनदा मिळणाऱ्या पाण्यावर आहेत, पावसाळ्यात आम्ही हातही लावत नाही.

एकच शत्रू खरा, लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी अगदी बारीक कीड. मार्च ते मे, हवा कोरडी आणि तापलेली असते तेव्हा येतो. पानं धुळकट, राखाडी दिसायला लागतात आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं. ओळखायची रीत सोपी आहे. पांढरा कागद पानांखाली धरायचा आणि फांदी झटकायची. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर कोळी आहे. मी वहीचं कोरं पान धरते, चष्मा लावून बघते. इथे द्राक्षवाले घरोघरी, त्यामुळे कुणीही लगेच गंधक मारायला सांगतं. गंधक चालतं, पण भर उन्हाळ्यात पारा ३५च्या वर असताना त्यानं पाती भाजते, म्हणून मी मारत नाही. सकाळी पाइपला जोराची तोटी लावून खालून वर, आतपर्यंत पाणी मारते, चार-पाच दिवसांनी पुन्हा. कोळ्याला ओल सोसत नाही. फारच वाढला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, चमचाभर साबणाचं पाणी घालून, संध्याकाळी. एवढ्यावर भागलं आहे.

थंडीत रंग बदलतो, त्याला घाबरू नका. निफाडचा पारा पेपरात यायला लागला की आमच्या मोरपंखीचे शेंडे तांब्यासारखे होतात. शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा झाड वाळलं म्हणून मला हाक मारून बोलावलं होतं. फेब्रुवारी सरताना तो रंग आपोआप जातो आणि नवीन पोपटी पालवी वर दिसते. मला तो तांबूस रंगच वर्षातला सगळ्यात सुंदर वाटतो. वर्षाअखेरीला आतली जुनी पाती तपकिरी होऊन अडकून राहते, ती हातानं झटकून काढावी. नाही काढली तर आत हवा खेळत नाही आणि कोळ्याला घर मिळतं. कात्री मी फक्त टोकांना लावते, तीही पावसाच्या तोंडाला, हिरवा भाग सोडून आत कधीच नाही. आमच्याच गल्लीत एकांनी माळ्याकडून तिचा गोल चेंडू करून घेतला. पलीकडच्या बाजूनं आतल्या काड्या उघड्या पडल्या, त्या तशाच आहेत.

गेटाजवळ लावणाऱ्यांना एक सूचना. भटकी कुत्री बुंध्यावर पाय वर करतात आणि त्या उंचीची पाती जळून जाते. आम्ही विटांच्या कडेला बारीक जाळीची पट्टी उभी केली, पालवी आली की ती दिसतही नाही.

वास्तूसाठी जोडीनंच लावावी का, असं पुष्कळ जण विचारतात. दुकानदारही जोडीनंच विकतात. नर आणि मादी बोंडं एकाच झाडावर येतात, त्यामुळे झाडाला दुसऱ्याची गरज नसते. गेटाला दोन बाजू आहेत म्हणून आम्ही दोन लावल्या. एकच जागा असेल तर एकच लावा. आणि चामखिळीवर लावायला पानं मागायला कुणी आलं तर मी देत नाही. होमिओपॅथीतलं थुजा उत्तर अमेरिकेतल्या थुजा ऑक्सिडेंटॅलिसपासून करतात, ते वेगळं झाड. हिच्या पानांतलं तेल पोटात गेलं तर त्रास होतो, म्हणून लहान मूल किंवा शेळी असलेल्या घरात एवढं सांभाळावं. बंद हॉलमध्ये, एसीत शोभेला ठेवायची असेल तर आणूच नका, तिथे तिला ना ऊन ना वारा.

झाडाला माझ्याकडून पाचपैकी पाच. शहरातल्या रोपवाटिकेला दोन, तेही मांडणीचे. ऑनलाइनला तीन, मुळांसाठी. दिंडोरी रस्त्याच्या काकांना पाच, रस्ता खराब असला तरी. शाळेच्या कुंपणासाठी हिरव्या जातीची रोपं त्यांच्याकडे आत्ताच सांगून ठेवली आहेत. सोनेरी नकोत असं मीच म्हटलं, कारण तिथे वडाची सावली आहे आणि हिरवी ती सोसून घेते. कुणाला जायचं असेल तर पावसाळा संपता संपता जा, गाडी कधी उतरली ते आधी विचारा, आणि महिन्याभराच्या आतली असेल तर झाड कितीही भरलेलं दिसलं तरी थांबा. पिशवी चिरून दाखवायला सांगायला लाजू नका. काका स्वतःच ब्लेड खिशात घेऊन फिरतात.